रेन्वारची नर्तकी, आठवडा तिसरा: झगा पांढरा नाहीच

मंडळी, मागच्या वेळी बर्न्ट अंबरच्या (गडद तपकिरी रंगाच्या) वॉशपर्यंत, म्हणजे पहिल्या पातळ थरापर्यंत आलेलो, आता झग्यात शिरलोय. नवीन असतील त्यांच्यासाठी, मी फ्रेंच चित्रकार रेन्वारच्या १८७४ च्या 'नर्तकी' या चित्राची नक्कल करतोय. मूळ कॅनव्हास १४२.५ बाय ९४.५ सेंमी, माझा २४ बाय १६ इंच, प्रमाण जवळजवळ तेच बसतं म्हणून हा घेतला.

झगा पांढरा आहे असं धरून मी टायटॅनियम व्हाइट लावला आणि कडेने रेघ पण ओढली, दुसऱ्या दिवशी बघतो तर पोरगी पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखी. मग मूळ चित्राचा मोठा प्रिंट बल्कांवात (घराच्या पुढच्या ओसरीत) उजेडाला लावून तासभर नुसता झगाच बघत बसलो. निव्वळ पांढरा तिथे अगदी थोडा आहे हो, बाकी सगळा निळसर, हिरवट करडा, आणि तोच करडा मागे पण पसरलाय, त्यामुळे जाळीचं कापड कुठे संपलं ते बोट ठेवून दाखवताच येत नाही. नेमकं काय ठेवलंय? चेहरा, गळ्यातली काळी फीत, गुलाबी बूट. बस्स.

आणि ती नाचत नाहीये, उभी आहे, अंग एका बाजूला, मान वळवून थेट आपल्याकडे बघतेय. पाय तयार झालेत, चेहरा अजून पोरीचाच. माझ्या भाचीच्या अरंगेत्रमला ती विंगेत उभी होती तेव्हा अगदी अशीच दिसलेली, पावलं सवयीने बाहेर वळलेली आणि डोळे आईला शोधतायत. तेव्हापासून हे चित्र मला बॅलेचं वाटतच नाही, स्टेजवर जायच्या आधीच्या त्या दोन मिनिटांचं वाटतं.

पॅरिसला पहिल्या इंप्रेशनिस्ट प्रदर्शनात हे लागलं तेव्हा लुई लरवा या टीकाकाराने तिचे पाय झग्याच्या कापडासारखेच कापसाळ आहेत म्हणून टिंगल केली होती. मला नाही पटत. पोटऱ्या सैल सोडल्यात म्हणूनच नजर घसरत बुटांवर जाऊन थांबते.

रेन्वार पोरवयात पोर्सेलिनची भांडी रंगवायचा, पातळ रंगातून खालचा पांढरा चमकू द्यायची सवय तिथलीच असावी असं मला वाटतं. म्हणून जाड थर चिंधीने पुसून परत टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावले. फोंड्यात पाऊस थांबत नाही, पाच दिवसांनी पण बोटाला चिकटतंय, पण त्या ओलाव्यातच कोरडा ब्रश फिरवला आणि कड छान विरघळली.

गळ्यातल्या फितीला ट्यूबमधला काळा वापरू नका. काल कॅनव्हासच्या तुकड्यावर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर मिसळून बघितलं, कातडीशेजारी तो काळा जास्त जिवंत दिसतो.