पात्र नाही

परवा दुपारी जेवून कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर निरोप: हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही. पात्र! हल्ली मुलीकडचेसुद्धा असं तोंडावर सांगत नाहीत.

आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे बिचारा, २०१३ सालच्या घराण्यातला. ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. आणि माझ्या विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपले. मशीन मात्र ठणठणीत. टायपिंग होतं, गाणी वाजतात, लाइटबिल भरलं जातं. आणखी काय करायचंय?

मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. म्हटलं, थोडी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, वाढवू. दुकानदाराने पट्टी हातात धरून तिची खाच दाखवली. "साहेब, ही डीडीआर-फोर. तुमच्या बोर्डाला डीडीआर-थ्री, खाचच जुळणार नाही. बोर्ड बदला. बोर्ड बदलला की प्रोसेसर आला."

"मग जुनं काय राहील?"

"कॅबिनेट."

त्यात एआयच्या डेटा सेंटरांपायी मेमरीचे भाव भडकलेले. एक एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कची वेगवान धाकटी बहीण, घेऊन परत आलो.

आमचा पहिला कॉम्प्युटर असेंबल्ड होता. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, मॉनिटरला आईने उरलेल्या पडद्याच्या कापडाचं शिवलेलं कव्हर. पावसाळ्यात तो हटकून रुसायचा. पडदा काळा आणि आतून नुसतं टुंट, टुंट. मग बाबा माझ्या कंपासपेटीतला खोडरबर मागत. झाकण उघडून रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने अलगद घासायचे, कीस फुंकरीने उडवायचा आणि पट्टी परत बसवून दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. बाजूचे चिमटे टक् करून मिटले की बाबा माझ्याकडे बघत. बटण दाबायचा मान माझा. खोडरबर परत मिळायचा तो काळा झालेला, आणि शाळेत चित्रकलेच्या बाई त्यावरून ओरडायच्या. तेव्हापासून कॅबिनेटचं झाकण स्क्रूने घट्ट बसवणं मला जमत नाही. नुसतं टेकवून ठेवतो. धूळ जाते, जाऊ दे.

मुलगी म्हणते, लॅपटॉप घे आणि सुट. तिचा लॅपटॉप मी एकदा उलटा करून पाहिला. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली. घासणार काय, कपाळ?

नवा घ्यायला हवा, हे कळतं. बँकेचे व्यवहार अपडेट बंद झालेल्या मशीनवर करू नयेत, हेही कळतं. पण जुन्या हार्ड डिस्कवर बाबांनी टाइप केलेली वंशावळ आहे, युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की पानभर रोमन अक्षरांचा काला दिसतो. कन्व्हर्टर मिळतात. एकातून दोन पानं काढून पाहिली, तर रफार भलत्याच अक्षरावर आणि जोडाक्षरं विस्कटलेली. दुरुस्त करता येतील म्हणा. पण त्यातल्या निम्म्या नावांचं बरोबर रूप काय, ते फक्त बाबांनाच ठाऊक होतं.