उशिरा आलेलं सॅम्पल

शुगर कमी आली की आम्हा लॅबवाल्यांच्या हाताशी एक कारण कायम तयार असतं. सॅम्पल उशिरा आलं. कारण खोटं नसतं. रक्त बल्बमध्ये, म्हणजे ते भरायच्या नळीत, आलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात बसतात. साध्या बल्बमध्ये तसंच ठेवलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर जाते, उन्हात फिरलेलं असेल तर जास्तच. म्हणून शुगरला करड्या झाकणाचा फ्लोराइड बल्ब वापरायचा. त्यातही गोम आहे. फ्लोराइड पेशींचं खाणं लगेच थांबवत नाही, पहिला तास-दीड तास साखर घटतच राहते. हे पेशंटला सांगायला गेलं तर "म्हणजे तुमचा रिपोर्ट खोटा?" असं विचारतात, म्हणून आम्ही सांगत नाही. रजिस्टरात "उ.सॅ." असं लिहितो आणि पुन्हा बोलावतो.

या दोन अक्षरांनी एका माणसाचे चार महिने खाल्ले. अक्षरं माझ्या हातची आहेत.

सांगोल्यात स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमची लॅब. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा केलेली, सतरा वर्षं झाली. पॅथॉलॉजिस्ट सर दुपारी येतात. खेड्यांतून सॅम्पल आणायला एक मुलगा आहे, मोटरसायकल आणि आईसबॉक्स घेऊन सहाला निघतो. मुलगा गुणी, पण फ्लोराइड बल्ब संपले की साध्यात घेऊन येतो आणि मला सांगत नाही.

ऑगस्टमध्ये एका वाडीवर शिबिर झालं. त्यात साठीचे एक गृहस्थ होते. डाळिंबाची दीड एकर बाग, गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला पंढरपूर. त्यांना मी माऊलीच म्हणायची, इथेही तेच म्हणते. उपाशीपोटीची शुगर आली ५२. सॅम्पल सातला काढलेलं, लॅबमध्ये पोचलं साडेअकराला, तेही साध्या बल्बमध्ये. लिहिलं उ.सॅ. आठवड्याने ते स्वतः आले. "उपाशी आहात ना?" "होय की, नुसता च्या घेतला." शुगर ९६. रिपोर्ट नॉर्मल. चहात साखर किती, हे मी विचारलं नाही. सकाळी अकरा जण रांगेत असतात, पण ही सबब झाली.

ऑक्टोबरात पुन्हा वाडीवरून ४८. पुन्हा उ.सॅ.

मधल्या काळात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. पहाटे बागेत पाणी धरायला गेले की हातपाय कापायचे, अंगातून घामाच्या धारा, एकाच्या दोन वस्तू दिसायच्या. एकदा मोटार चालू करायची सोडून तिच्याशी बोलत उभे होते. दशमीला भजनात टाळ भलतीकडेच वाजायला लागला. गावाने निकाल लावून टाकला : म्हातारा लपून पितो. जन्मात दारूला न शिवलेला माळकरी माणूस, आणि पारावर बसलेले आपसांत हसतात. बायको गुळाचा खडा तोंडात घालायची, दहा मिनिटांत गडी ताळ्यावर. तिला औषध सापडलं होतं, फक्त त्या औषधावरून आजार कोणता हे तिला कोणी विचारलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी "अशक्तपणा" म्हणून सलाईन लावलं. सलाईनमध्ये ग्लुकोज, त्यामुळे बरं वाटलं, त्यामुळे अशक्तपणाच होता हे सिद्ध झालं. अशक्तपणा या शब्दावर आमच्या भागातली निम्मी प्रॅक्टिस चालते.

डिसेंबरात एकादशीच्या दिवशी माऊली शुगरची जोड तपासणी करायला आले. उपाशी आणि जेवणानंतर. उपाशीपोटी ७१. मग स्टँडवर जाऊन साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि गोड चहा घेऊन आले. दोन तासांनी २३६. मी मनात म्हटलं, चला, डायबेटिसच निघाला. रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. पंढरपूरची गाडी यायला वेळ होता, म्हणून ते बाकावर टेकले.

सव्वाबाराला बाकावरून आवाज आला, "शांते, दावं सोड." मी पाहिलं तर माऊली माझ्याकडेच बघत होते. शांता म्हणजे त्यांची बहीण, वारून पंधरा वर्षं झालेली. सदरा पाठीला चिकटला होता, ओठांभोवती घामाचे थेंब, हात हवेत दोरी ओढतोय. ग्लुकोमीटर लावला. ३४.

इथे मी जे केलं ते अजून मनातून जात नाही. साखरेची बरणी समोरच्या फळीवर होती. मी ती घेतली नाही. आधी दंडाला पट्टा बांधला.

सोलापूरला सिव्हिलमध्ये शिकत असताना एक मॅडम होत्या. त्या म्हणायच्या, ज्याला डायबेटिस नाही त्याची शुगर पडली तर साखर द्यायच्या आधी रक्त काढ, साखर पोटात गेली की चोर पळाला. शुगर खाली असताना इन्सुलिन शून्याजवळ असायला हवं. तेवढ्या क्षणी ते वर सापडलं तरच काही कळतं, तासाभराने मोजून उपयोग नाही. हे वाक्य सतरा वर्षं वहीत पडून होतं.

घामेजलेल्या, थंड हाताची शीर सापडणं सोपं नाही. ओलावा पुसून पट्टा पुन्हा बांधला, बोटाने दाबत गेले तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला एक दोरी लागली. पिस्टन सावकाश ओढला. घाईत ओढलं की तांबड्या पेशी फुटतात, आणि फुटलेल्या पेशींमधलं एक एन्झाइम इन्सुलिनच खाऊन टाकतं, मग रिपोर्ट निर्मळ येतो आणि तुम्ही फसता. सुई काढून रक्त बल्बच्या भिंतीवरून हळू सोडलं. एक करडा, दोन साधे. तेवढ्यात चहावाला दारात आला आणि ओरडला, "अहो ताई, माणूस चाललाय आणि रक्त कसलं काढताय!"

चाळीस-पन्नास सेकंद लागले असतील. मग बरणी. पण गिळणं धड नव्हतं, नाकात जाईल या भीतीने मी थांबले. शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर धावत आले, त्यांनी शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली दिलं. सुई निघायच्या आत माऊली म्हणाले, "गाडी गेली का हो?"

साध्या बल्बमधलं रक्त अर्धा तास गोठू दिलं, दहा मिनिटं यंत्रात गरगर फिरवलं. सिरम, म्हणजे पेशी खाली बसल्यावर उरणारं पाणी, वर आलं ते गव्हाच्या काडीच्या रंगाचं, गुलाबीची छटासुद्धा नाही. एवढं चांगलं सिरम मी फार दिवसांत काढलं नव्हतं. दोन छोट्या नळ्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवलं. करड्या बल्बची शुगर ३१ आली.

सर आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इन्सुलिन, सी-पेप्टाइड पाठवून पैसे कोण देणार?" प्रश्न बरोबर होता. सर वाईट नाहीत, त्यांना बुडालेल्या बिलांची यादी पाठ आहे. मी माझ्या खात्यावर लिहून मुंबईच्या मोठ्या लॅबला नळी पाठवली.

तीन दिवसांनी तिकडून फोन आला. इन्सुलिन यंत्राच्या पट्टीबाहेर गेलंय, पातळ करून मोजलं तर हजाराच्या वर. पेशंट इन्सुलिनचं इंजेक्शन घेतो का? या शुगरला तीनसुद्धा जास्त धरतात. सी-पेप्टाइड नऊ.

आता ही दोन आकड्यांची गंमत सांगायलाच हवी. स्वादुपिंडातून इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड जोडीने, एकास एक असे बाहेर पडतात. इन्सुलिन चार-सहा मिनिटांत निम्मं होतं, सी-पेप्टाइड अर्धा तास टिकतं. म्हणून एका मापात आणून पाहिलं तर रक्तात सी-पेप्टाइड नेहमी जास्त. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइड येतच नाही, उलट दबून जातं. स्वादुपिंडात गाठ असेल तर दोन्ही वाढतात, पण इन्सुलिन सी-पेप्टाइडला मागे टाकत नाही. इथे सी-पेप्टाइड वाढलेलं, आणि एका मापात आणल्यावर इन्सुलिन त्याच्याही दुपटीच्या पुढे. म्हणजे ना टोचलेलं इन्सुलिन जुळत होतं, ना गाठ. कागदावर मी तीनदा गुणाकार केला.

माऊलींच्या भावजयीला इन्सुलिन चालू आहे, बाटली माठाजवळच्या गाडग्यात असते. हे कळल्यावर गावातल्या डॉक्टरांनी भरल्या ओसरीत विचारलं, "घरात कुणाचं याच्याशी वाकडं आहे का?" ती बाई आठ दिवस जेवली नाही. जमिनीची वाटणी झालेली असल्याने लोकांना कथाही आयती मिळाली. आधी दारुडा, मग विषप्रयोग. एक सी-पेप्टाइड नीट वाचलं असतं तर दुसरी गोष्ट निघालीच नसती.

सोलापुरात पोटाचा सीटी झाला, काही दिसलं नाही. एका सर्जननी सांगितलं की अशी गाठ बारीक असते, बहुतेक वेळा दोन सेंटिमीटरच्या आतली, उघडून बघू. खरंच तशा असतात, आणि दहा लाखांत वर्षाला एक ते चार जणांनाच होतात. मुलगा पैशाची जुळवाजुळव करायला लागला होता. मी त्याला म्हटलं, आधी पुण्याला हार्मोनच्या डॉक्टरकडे जा, हे दोन आकडे दाखव, आणि घरातली प्रत्येक गोळी पिशवीत घालून ने. पिशवीचं मी का म्हटलं? मला शंका होती ती डायबेटिसच्या गोळ्यांची. सुटी पट्टी कापून देताना मेडिकलवाल्याकडून चुकून गेली असेल. माझी शंका साफ चुकीची निघाली, पिशवी मात्र कामाला आली.

डॉक्टरबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि मुंग्यांची कॅप्सूल उचलली. जुलैत पायाला मुंग्या येतात म्हणून सुरू झालेली. मांस-मच्छी न खाणारा माणूस, बी-१२ कमी असणारच, त्याला मिथाइलकोबालामिन देणं योग्यच होतं. पण आपल्याकडच्या या कॅप्सूलमध्ये एकटं बी-१२ क्वचितच येतं. सोबत वऱ्हाड असतं. पट्टीच्या मागे मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं : अल्फा लिपोइक ॲसिड.

या द्रव्यातल्या गंधकामुळे इन्सुलिनचं रूप बदलतं आणि मग शरीर स्वतःच्याच इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, असं मानतात. सगळ्यांना होत नाही, विशिष्ट जनुकं असलेल्यांनाच. अँटिबॉडी इन्सुलिनला धरून ठेवतात, म्हणून जेवणानंतर शुगर २३६, आणि तीन-चार तासांनी नको तेव्हा सोडून देतात, म्हणून ३४. १९७० मध्ये जपानमध्ये हिराता यांनी असा पहिला रुग्ण नोंदवला, त्यांच्याच नावाने आजार ओळखला जातो. इन्सुलिनच्या अँटिबॉडी तपासल्या, भरपूर निघाल्या. कॅप्सूल बंद. दर अडीच-तीन तासांनी थोडं थोडं खायचं, साबुदाणा नाही. पोटाला सुरी लागली नाही. मार्चपर्यंत शुगर सत्तरच्या खाली जायची थांबली. माऊली आता एकादशीला राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी खातात, तीही चार वेळा वाटून, आणि "हा कसला उपास" म्हणून कुरकुरतात.

चहावाल्याशी माझं अजून नीट बोलणं नाही. त्या पन्नास सेकंदांत फिट आली असती तर? सर म्हणतात बरोबर केलंस. त्यांनी ते आकडे आल्यावर म्हटलं, आधी नाही.

पण रात्री मला ते सेकंद टोचत नाहीत. ऑगस्टचं पान टोचतं. जानेवारीत मी ते पुन्हा उघडलं. त्या दिवशी त्याच आईसबॉक्समधून वाडीची नऊ सॅम्पल आली होती, सगळी सातच्या सुमाराला काढलेली, सगळी साध्या बल्बमध्ये, सगळी साडेअकराला पोचलेली. बाकीच्या आठांच्या शुगर होत्या ८४, ९१, ७९, ८८ अशा. तोच रस्ता, तेच ऊन, तोच उशीर, आणि खाली गेला तो एकच. मी त्या नऊ ओळी ओळीने, माझ्याच पेनने लिहिल्या होत्या. उशिराने शुगर एवढी पडली असती तर नऊही जणांची पडली असती, हे कळायला एक फूटपट्टी आडवी धरायचीच बाकी होती.

मग मी मागच्या दोन वर्षांची रजिस्टरं घेऊन बसले. साठच्या खालची, उ.सॅ. लिहिलेली आणि ज्यांच्या सोबतची सॅम्पल ठीक होती अशी सहा नावं निघाली. फोन लावले. दोघांना डायबेटिसच्या गोळ्या चालू होत्या, त्यांचा डोस जास्त झाला होता, त्यांच्या डॉक्टरांशी बोलले. एक बाळंतीण होती, आता बरी आहे. दोघं येऊन तपासून गेले, नॉर्मल. आता शुगर काढताना मी सकाळी काय काय घेतलं ते विचारते, चहात साखर किती चमचे तेही. रांग ओरडते.

सहावी एक बाई, बत्तीस वर्षांची, शुगर ४६. फोन सासूने उचलला. सून टोळीबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात गेलीय म्हणाली. मी विचारलं, तिला कधी घाम येऊन चक्कर वगैरे येते का? सासू म्हणाली, "येती की. फडात बसली की ऊस खाती, मग बरं वाटतंय तिला." पाडव्याला परत येणार होत्या. पाडवा होऊन तीन आठवडे झाले, मी दर सोमवारी फोन करते.