फिलिडिया नेमकी कोणती? पाठ बघून झाली, आता तळवा

लक्षद्वीप आणि अंदमानच्या डाइव्हमधून आलेल्या काळ्या-निळ्या-पिवळ्या सी स्लगच्या (शंख नसलेल्या समुद्री गोगलगायींच्या) फोटोंची छाननी आता निम्म्यावर आली आहे. बहुतेक फोटो ‘फिलिडिया व्हॅरिकोसा’ या एकाच नावाखाली जमा झाले होते. पुस्तकात पहिलं चित्र तिचंच असतं, म्हणून असं होतं. नीट वेगळं केल्यावर त्या ढिगाऱ्यातून निदान तीन जाती (स्पीशीज) आणि फिलिडिएला ही एक वेगळी प्रजात (जीनस, म्हणजे जातींचा गट) बाहेर पडते.

कुळाबद्दल वाद नाही. डोरिड या गटातल्या बहुतेक रंगीत स्लगच्या पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा झुबका असतो. फिलिडिया कुळात तो नसतोच. त्यांचे कल्ले पाठीच्या कडेखाली, पाय आणि कड यांच्या मधल्या खाचेत पानांसारखे रांगेने असतात. अंग कडक, पाठीवर गाठी, झुबका नाही, एवढं जुळलं की कुळ पक्कं. या कुळाला रॅड्युला, म्हणजे खरवडायची दातेरी पट्टी नसते. स्पंज विरघळवून शोषून घेतात. त्यामुळे इतर स्लगमध्ये दातांवरून जी ओळख पटवता येते, ती वाट इथे बंद आहे.

दोन तोतये आधी बाजूला काढा. पिअर्सनोथुरिया ग्रेफी या समुद्रकाकडीची पिल्लं हुबेहूब व्हॅरिकोसासारखी रंगतात. त्यांना डोक्यावर दोन शिंगं नसतात, तोंडाशी मात्र स्पर्शिकांचं कडं असतं. दुसरा स्युडोसेरॉस इमिटेटस हा चपटा कृमी. तो फिलिडिएला पुस्तुलोसाची नक्कल करतो, पण कागदासारखा पातळ असतो, कडा लहरत जातात आणि चालही जलद असते. फिलिडिया कधीच घाईत नसते.

आता मुख्य काम. क्रम असा ठेवला की घोळ कमी होतो.

आधी शिंगांचा, म्हणजे ऱ्हायनोफोरचा रंग. पिवळी असतील तर फिलिडिया प्रजात. काळी असतील आणि गाठी गुलाबी असतील तर बहुधा फिलिडिएला. इथे सगळ्यात जास्त फोटो फसतात, आणि कारण स्लग नसून पाणी असतं. दहा मीटरवर टॉर्चशिवाय काढलेल्या फोटोत लाल रंग गेलेला असतो, गुलाबी गाठ राखाडी-निळी दिसते आणि फिलिडिएला सरळ फिलिडियाच्या ढिगात जाते. उलटंही होतं: स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) जास्त जवळ आणला की गाठीचं पिवळं टोक पांढरं फुटतं. मॅन्युअल मोडवर स्ट्रोब पाव ताकदीपासून सुरू करा, बाजूने ४५ अंशांत धरा. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) ठेवा. रंग नंतर दुरुस्त करता येतो, फुटलेला पांढरा भाग परत मिळत नाही.

शिंगं आत ओढलेली असतील तर फोटो काढून उपयोग नाही. सावली किंवा फिनची लाट लागली की ती आत जातात. थोडं मागे सरून थांबलं की परत बाहेर येतात.

नंतर पाठीची मांडणी. शेतातल्या सरी-वरंब्यांसारखी पाठ वाचायची: निळसर वरंबे, त्यांच्यावर पिवळ्या टोकांच्या गाठी, मध्ये काळ्या सऱ्या. लामार्कने १८०१ मध्ये नाव दिलेल्या व्हॅरिकोसामध्ये तीन ते सहा वरंबे लांबीने धावतात. बर्गने १९०५ मध्ये वर्णन केलेल्या ‘सेलेस्टिस’मध्ये मधल्या काळ्या पट्ट्यातच मोठ्या पिवळ्या गाठी बसलेल्या असतात आणि पट्टा तुटत जातो. हा मधला पट्टा दिसायला फोटो बरोबर वरून हवा. बाजूने काढलेल्या फोटोत दोघी सारख्याच दिसतात, आणि बहुतेक जण बाजूनेच काढतात, कारण तो फोटो जास्त देखणा येतो. तिसरी ‘एलिगन्स’, बर्ग, १८६९: वरंब्यांच्या जागी गुलाबी-राखाडी जाळी आणि पिवळ्या टोकांच्या गाठी.

पण लहान वयात पाठीवर भरवसा नको. गाठी आणि वरंबे वाढत्या अंगाबरोबर भरत जातात. दोन सेंटिमीटरच्या आतल्या नमुन्याला पाठीवरून जातीचं नाव द्यायचं नाही, असं या छाननीत ठरवलं आहे.

मग तळवा. व्हॅरिकोसा आणि एलिगन्स या दोघींच्या पायाच्या तळाला मधोमध काळी रेघ असते, सेलेस्टिसला नसते. पाठीवरून वाद घालत बसण्यापेक्षा ही एक रेघ बघितली की व्हॅरिकोसा-सेलेस्टिसचा निकाल लागतो. अडचण एवढीच की तळव्याचा फोटो जवळजवळ कोणाकडेच नसतो. प्राण्याला उलटं करू नका. लांब दांड्याचा डेंटिस्टचा आरसा त्यासाठी पुरतो. स्लग खडकाची फट ओलांडताना किंवा डोकं वर उचलून चाचपताना आरसा खाली सरकवायचा, टॉर्च आरशावर पाडायचा आणि फोकस आरशाच्या काचेवर न धरता त्यातल्या प्रतिमेवर धरायचा. ऑटोफोकस काचेवरचे कण पकडतो, म्हणून फोकस हाताने.

मोजपट्टी हवीच. १० सेंटिमीटरची, मिलिमीटरच्या खुणांची, चमक नसलेल्या प्लॅस्टिकची. स्टीलची पट्टी स्ट्रोबमध्ये चकाकून सगळं घालवते. ती स्लगच्या शेजारी, त्याच पातळीवर धरा, प्रवाळावर टेकवू नका.

फिलिडिएलाच्या ढिगाचं काम अजून कच्चं आहे. १८०४ मध्ये क्युव्हिएने वर्णन केलेल्या पुस्तुलोसामध्ये गुलाबी गाठींचे पुंजके सुटे असतात. १८५९ मध्ये केलार्टने सिलोनहून वर्णन केलेल्या ‘झेलानिका’मध्ये गुलाबी वरंबे सलग धावतात आणि पुढे-मागे एकमेकांना मिळतात. आपल्या बाजूच्या समुद्रात ही दुसरी आधी तपासा. शिवाय डीएनए अभ्यासांनुसार ‘पुस्तुलोसा’ या नावाखाली एकाहून जास्त जाती लपलेल्या आहेत. म्हणून फोटोवरून ‘पुस्तुलोसा समूह’ एवढंच लिहायचं.

एक सावधगिरी, ओळखीशी थेट संबंध नसलेली. फिलिडियाला मासे, खेकडे, कोळंबी यांच्याबरोबर एका बादलीत ठेवू नका. तिचा चिकट स्राव बंद पाण्यात मासे आणि कवचधारी प्राणी मारतो, हे १९६३ मध्ये व्हॅरिकोसावरच नोंदवलं गेलं. १९७५ मध्ये हवाईच्या नमुन्यांतून त्यातलं आयसोसायनाइड वेगळं काढलं आणि तेच रसायन तिच्या खाद्यातल्या स्पंजातही सापडलं. त्यामुळे स्लग कोणत्या स्पंजावर होती, त्याचा एक फोटो जोडीला हवाच.

संदर्भासाठी ब्रंकहॉर्स्टचा १९९३ चा या कुळावरचा प्रबंध अजूनही पहिला उघडायचा. लक्षद्वीपसाठी दीपक आपटे यांची २००९ ची यादी बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जर्नलमध्ये आहे. जुन्या याद्यांत ‘फ्रायेरिया’ ही प्रजात दिसेल. गुदद्वार पाठीवर न उघडता मागे कडेखाली उघडतं, म्हणून ती वेगळी धरली होती. आता ती फिलिडियातच धरतात.

सध्याची स्थिती: गाठी बसलेला मधला पट्टा स्पष्ट दिसतो ते फोटो सेलेस्टिसकडे गेले, निळसर वरंब्यांबरोबर तळव्याची रेघ दिसते ते व्हॅरिकोसाकडे. बाजूने काढलेले बाकी सगळे ‘फिलिडिया, जात अनिश्चित’ म्हणून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर प्रजातीच्या पातळीलाच थांबवले आहेत. कोणी उत्साहाने पुढचं नाव सुचवलं तर तळव्याचा किंवा बरोबर वरून काढलेला फोटो मागा. लक्षद्वीपचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो. जाणाऱ्यांनी आरसा, पट्टी आणि दांड्याला बांधायची दोरी आधीच सामानात टाकावी, आणि प्रत्येक नमुन्याचे चार फोटो आणावेत: वरून, शिंगं, तळवा, स्पंज.