दोन हार्ड डिस्क दिसेनाशा झाल्या: एका डेस्कटॉपची नऊ दिवसांची नोंद

हा डेस्कटॉप मी गेली सहा वर्षे थोडा थोडा करून वाढवत आलो आहे आणि त्यात केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद एका वहीत ठेवतो. या वेळचे काम एका संध्याकाळचे वाटले होते. मदरबोर्डवरच्या दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारखा ड्राइव्ह थेट बोर्डात बसवण्याच्या जागेत) एक नवा एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे वेगवान एसएसडी, बसवायचा, एवढेच ते होते. कॅबिनेटमध्ये आधीपासून तीन साटा ड्राइव्ह, म्हणजे डेटाची आणि विजेची वेगळी केबल लागणारे, होते: पहिल्या पोर्टवर लिनक्स असलेली एसएसडी, तिसऱ्यावर ४ टेराबाइटची हार्ड डिस्क आणि पाचव्यावर २ टेराबाइटची. पुढे या दोघींना मी मोठी डिस्क आणि लहान डिस्क असे म्हणेन. त्या एका संध्याकाळचे नऊ दिवस झाले, कारण एकाच वेळी सुरू झालेले दोन वेगळे बिघाड मी एकच समजून चाललो होतो.

पहिली संध्याकाळ

दुसरा एम.२ स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या खाली असल्यामुळे आधी कार्ड काढावे लागले, आणि हात आत जावा म्हणून डिस्ककडे जाणाऱ्या तारांचा जुडगा ओढून बाजूला करावा लागला. हे ओढणे मी वहीत लिहिले नाही. ड्राइव्ह २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, म्हणजे नेहमीच्याच मापाचा होता. तो तिरका सरकवला, खाली दाबला, स्क्रू लावला, दोन्ही साइड पॅनेल बंद केली आणि बटण दाबले. पडद्यावर बूट करण्याजोगे उपकरण सापडत नसल्याचा संदेश आला. त्याचे कारण लगेच कळले: नवा, पूर्ण रिकामा ड्राइव्ह बायोसच्या (संगणक चालू होताच आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रणालीच्या) बूट क्रमात सर्वांत वर जाऊन बसला होता. क्रम बदलताच लिनक्स सुरू झाले, पण दोन्ही हार्ड डिस्क गायब होत्या.

अशा वेळी मी पहिला प्रश्न हा विचारतो की ड्राइव्ह नेमका कोणाला दिसत नाही. बायोसला तो दिसत असेल आणि फक्त ऑपरेटिंग सिस्टिमला दिसत नसेल, तर शोध पार्टिशन, ड्राइव्हचे अक्षर किंवा ड्रायव्हर यांच्याकडे वळवावा. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरच्या अनेक संगणकांत व्हीएमडी ही ड्राइव्ह हाताळण्याची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर दिल्याशिवाय विंडोजच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई ड्राइव्ह दिसत नाही. तिथे हार्डवेअर उघडून बसण्यात काहीच अर्थ नसतो. माझ्याकडे मात्र बायोसच्या यादीतच दोन्ही डिस्क नव्हत्या. त्यामुळे वीज, केबल, पोर्ट आणि बायोसमधली मांडणी एवढ्या चारच जागा उरल्या, आणि डेटा परत मिळवण्याच्या कोणत्याही सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही हे मी ठरवून टाकले.

दुसरा आणि तिसरा दिवस

आधी सोप्या गोष्टी उरकल्या. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मल्टिमीटरवर ३.०४ व्होल्ट दाखवत होता आणि साटा मोड एएचसीआय या नेहमीच्या पद्धतीवरच होता. सेल उतरला की बायोसमधली मांडणी मूळपदावर जाते आणि कधी कधी हा मोडही बदलतो, म्हणून एवढे पाहणे आवश्यक होते.

त्यानंतर कॅबिनेट उघडे ठेवून दोन्ही डिस्कच्या साटा डेटा केबल बदलल्या. मोठी डिस्क ताबडतोब दिसू लागली. ‘जुनी केबल खराब’ असे मी वहीत लिहिले आणि खाली रेघ ओढली. लहान डिस्क तरीही दिसेना, तेव्हा तिची केबल पाचव्या पोर्टमधून काढून शेजारच्या सहाव्या पोर्टमध्ये लावली. तिथेही काही नाही. नवी केबल, वेगळा पोर्ट आणि तरीही शून्य प्रतिसाद, यावरून डिस्कच गेली असे मी मानले. या निष्कर्षात एक गृहीतक लपले होते, ते म्हणजे सहावा पोर्ट पाचव्यापेक्षा स्वतंत्र आहे. तिसऱ्या दिवशी लहान डिस्क यूएसबी डॉकवर लावून पाहिली आणि ती निमूटपणे फिरू लागली. स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, पुनर्नियोजित (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य होते आणि प्रलंबित (संशयास्पद) सेक्टरही शून्य होते. रात्री कॅबिनेट बंद केले. सकाळी संगणक चालू केला तेव्हा मोठी डिस्क पुन्हा गायब झालेली होती.

चौथा दिवस

या दिवशी मी तारा सोडल्या आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी वाचायला बसलो. डीमेसेग या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत प्रत्येक साटा पोर्टची वेगळी ओळ असते, आणि तिच्याकडे आपण सहसा पुरेसे लक्ष देत नाही. एसएसडीच्या पोर्टवर दुवा जुळल्याची ओळ होती: वेग ६ गिगाबिट, एसस्टेटस (दुव्याची स्थिती सांगणारा आकडा) १३३. या आकड्यातला शेवटचा ३ सांगतो की समोर उपकरण आहे आणि त्याच्याशी संवाद जुळला आहे. मधला अंक वेगाचा असतो: १ म्हणजे १.५, २ म्हणजे ३ आणि ३ म्हणजे ६ गिगाबिट. पहिला १ म्हणजे दुवा जागा आहे.

लहान डिस्कच्या पोर्टवर दुवा नसल्याची ओळ होती आणि एसस्टेटस ० होता. समोर कोणीच नाही, असा त्याचा अर्थ. मोठ्या डिस्कच्या पोर्टवर मात्र निराळीच हकीकत होती. दुवा प्रतिसाद द्यायला वेळ लावतो आहे, थांबा, अशी ओळ आधी आली होती; मग काही सेकंदांनी कॉमरीसेट (दुवा नव्याने जुळवण्याचा संकेत) अयशस्वी झाल्याची, आणि हेच तीन-चार वेळा झाल्यावर कर्नलने त्या पोर्टचा नाद सोडला होता. म्हणजे तिथे समोर कोणीतरी होते, पण ते तयार होत नव्हते.

बायोसच्या यादीत दोन्ही डिस्कची अनुपस्थिती एकसारखीच दिसत होती, परंतु कर्नलने तिची दोन वेगळी वर्णने दिली होती. त्या रात्री मी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली आणि दोन्ही डिस्कच्या नोंदी वेगळ्या केल्या. खरे तर तपासाची सुरुवात इथून झाली.

पाचवा दिवस

मदरबोर्डची पुस्तिका उघडली. साटा पोर्टच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते की दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह असेल तर पाचवा आणि सहावा साटा पोर्ट बंद होतो. चिपसेटकडे (बोर्डवरची उपकरणे जोडणाऱ्या चिपकडे) बाहेरच्या उपकरणांसाठी ठरावीकच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, असतात आणि बोर्ड बनवणारे त्यांतल्या काही लेन दोन ठिकाणी वाटून देतात; एका ठिकाणी उपकरण बसले की दुसरे ठिकाण मुके होते. कोणता स्लॉट कोणत्या पोर्टला बंद करतो हे प्रत्येक बोर्डवर वेगळे असते, काही बोर्डांवर तर साटा प्रकारचा एम.२ ड्राइव्ह लावला तरच पोर्ट जातो आणि एनव्हीएमई लावला तर जात नाही, म्हणून आपल्याच बोर्डाचा तक्ता वाचणे भाग आहे. एकाच बोर्डवरचे सगळे साटा पोर्ट सारखे असतात ही समजूतही सोडून द्यावी. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने सहाव्या मालिकेच्या चिपसेटमधला एक दोष जाहीर केला होता. त्यात ३ गिगाबिटचे पोर्ट कालांतराने कमकुवत होण्याची शक्यता होती आणि त्याच चिपसेटवरचे ६ गिगाबिटचे दोन पोर्ट मात्र निर्दोष होते.

लहान डिस्क दुसऱ्या पोर्टवर लावली आणि ती दिसू लागली. वहीतल्या रेघेची डावी बाजू संपली.

सहावा ते आठवा दिवस

मोठ्या डिस्कचे वागणे बेभरवशाचे होते आणि तिथेच माझा सर्वाधिक वेळ गेला. केबल बदलल्यावर ती एकदा दिसली होती, त्यामुळे मन सारखे डेटा केबलकडे ओढ घेत होते. ती दिसत असताना स्मार्ट अहवालातला १९९ क्रमांकाचा गुणधर्म पाहिला. डेटा केबलवर चुकीचे बिट आले की हा आकडा वाढतो आणि तो पुन्हा कधी कमी होत नाही. सहाव्या दिवशी तो २ होता, आठव्या दिवशी सात वेळा डिस्क हरवून परत आल्यावरही २ होता. केबलवर संशय घेण्याला मग आधार उरला नाही.

एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, डिस्ककडे जाणाऱ्या वीजकेबलच्या साखळीला तीन कनेक्टर आहेत. पहिल्यावर लहान डिस्क, मधल्यावर मोठी, आणि शेवटचा रिकामा लोंबत होता. त्या रिकाम्या टोकाशी मल्टिमीटर लावला: पिवळ्या तारेवर १२.१ आणि लाल तारेवर ५.०२ व्होल्ट. एटीएक्स या डेस्कटॉपच्या प्रमाणाच्या नियमाप्रमाणे पाच टक्के कमीजास्त चालते, म्हणजे १२ व्होल्टसाठी ११.४ ते १२.६, तेव्हा वीज व्यवस्थित होती असेच कोणीही म्हटले असते.

उत्तर वहीतच पडून होते. प्रत्येक चाचणीसमोर मी सवयीने कॅबिनेट उघडे की बंद हेही टिपत होतो, आणि आठव्या दिवशी ओळी वाचता वाचता ध्यानात आले की उघड्या कॅबिनेटच्या अकराही चाचण्यांत डिस्क दिसली होती आणि बंद कॅबिनेटच्या नऊपैकी सात चाचण्यांत ती दिसली नव्हती. केबल बदलली तेव्हा ती दिसली, ती केबलमुळे नव्हे तर पॅनेल उघडे होते म्हणून. मग मदरबोर्डामागचे पॅनेल बंद आणि समोरचे उघडे ठेवून बटण दाबले आणि मोठ्या डिस्कवर बोट टेकवले. एरवी सुरुवातीच्या काही सेकंदांत बोटाखाली वेग घेणारी थरथर जाणवते. या वेळी धातू थंड आणि निश्चल होता. मागचे पॅनेल काढून तेच केले, तर थरथर सुरू झाली.

नववा दिवस

वीज बंद केली, मधला कनेक्टर डिस्कमधून काढला आणि टॉर्चच्या उजेडात पाठीमागून पाहिला. या कनेक्टरमध्ये तारा सोललेल्या नसतात. नारिंगी, काळी, लाल, काळी आणि पिवळी अशा पाचही तारा अखंड पुढे जातात, वरून एक प्लॅस्टिकची टोपी दाबून बसवलेली असते आणि ती टोपी प्रत्येक तारेला इंग्रजी व्हीच्या आकाराच्या पात्यात रुतवते. पाते तारेचे आवरण कापून तांब्याला भिडते. माझ्या कनेक्टरची टोपी पिवळ्या तारेच्या टोकाकडून जेमतेम एक मिलिमीटर उचललेली होती, आणि पॅनेल बंद केल्यावर मागे दाबला जाणारा जुडगा ती पिवळी तार पात्यातून बाहेर खेचत होता. तार अखंड असल्याने शेवटच्या टोकाला १२ व्होल्ट बिनतक्रार पोहोचत होते आणि मधल्या डिस्कला ते मिळत नव्हते. लाल तारेवरचे ५ व्होल्ट मिळत असल्याने डिस्कचे इलेक्ट्रॉनिक्स जागे होऊन कर्नलला प्रतिसाद देऊ पाहत होते, पण मोटर १२ व्होल्टवर चालते आणि ती हलतच नव्हती. चौथ्या दिवशीच्या त्या ओळींचा अर्थ इथे पूर्ण लागला. पहिल्या संध्याकाळी मी ओढलेला जुडगा हाच होता.

टोपी पुन्हा दाबून बसवता आली असती, पण एकदा सैल झालेल्या पात्यावर मी विसंबणार नाही. फिरायला लागताना साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते आणि अर्धवट संपर्कातून तो गेला तर जागा तापते. माझा एसएमपीएस मॉड्युलर आहे, म्हणजे त्याच्या केबल काढता-घालता येतात, म्हणून त्याच मॉडेलसाठी बनवलेली नवी केबल मागवून बसवली. इथे सर्वांना कळकळीने सांगतो की दुसऱ्या एसएमपीएसची केबल सॉकेटमध्ये बरोबर बसली तरी वापरू नका. डिस्ककडच्या बाजूच्या १५ पिना प्रमाणित आहेत, एसएमपीएसकडच्या बाजूला तसे प्रमाण नाही, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले तर साखळीवरची प्रत्येक डिस्क एका क्षणात जळते.

नवी केबल मागच्या पॅनेलपासून दूर, डिस्कच्या चौकटीच्या आतून नेली आहे. त्यानंतर दोन्ही पॅनेल बंद ठेवून तीस वेळा संगणक थंड स्थितीतून चालू केला आणि तिसांतही चारही ड्राइव्ह बायोसच्या यादीत आले. मोठ्या डिस्कची स्मार्टची दीर्घ चाचणी काल रात्री त्रुटीविना पूर्ण झाली असून १९९ क्रमांकाचा आकडा अजून २ वरच आहे. हे लिहीत असताना तिच्यावरची सगळी माहिती नव्या एनव्हीएमईवर उतरते आहे.