अर्पणाच्या रांगेत

नववीत होते तेव्हाची गोष्ट, एप्रिल १९८२. फळ्याचा डस्टर दोन्ही हातांत धरून मी चर्चच्या मधल्या वाटेने वेदीपर्यंत चालत गेले. माझ्यापुढे माझी मैत्रीण, तिच्या हातात फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास. तो तिच्या खांद्याएवढा उंच होता, आणि कुठे आपटू नये म्हणून ती पाऊल मोजून टाकत होती. पहिल्या बाकावर गणिताच्या टीचर बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. कंपास दिसला आणि त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आमची शाळा वसईतली, सिस्टरांची, मुलींची, मराठी माध्यमाची. दरवर्षी एक-दोन टीचर निवृत्त व्हायच्याच, त्यामुळे निरोपाचा कार्यक्रमही दरवर्षी ठरलेला: परीक्षा संपल्यावर, १ मेच्या निकालाआधीचा शनिवार. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी, मग शाळेच्या हॉलमध्ये मानपत्र, शाल-श्रीफळ आणि खाणं. मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेतात, त्या अर्पणाच्या रांगेत निवृत्त होणाऱ्या टीचरांची एखादी वस्तू न्यायची, अशी आमच्याकडची रीत. कोणती वस्तू, ते मुलींनी ठरवायचं आणि टीचरांना कळू द्यायचं नाही. सिस्टर यात कधी पडल्या नाहीत. मुली टीचरांना वर्षभर बघतात, त्यांना बरोबर कळतं, एवढंच त्या म्हणत.

तारखांची एक गंमत आम्हाला खूप उशिरा उमगली. नियमाने शिक्षक अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतात. घाटावरून किंवा कोकणातून आलेल्या कितीतरी टीचरांची कागदावरची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिलेली. अशांची अठ्ठावन्न वर्षं ३१ मेलाच पूर्ण होतात, म्हणून निवृत्तीही त्याच दिवशी, ऐन सुट्टीत, शाळेत चिटपाखरू नसताना. आमच्या गावांतल्या टीचरांचं तसं नव्हतं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येकीचा खरा दिवस टिपलेला, त्यामुळे कोणी ऑगस्टमध्ये जाणार, कोणी नोव्हेंबरमध्ये. शाळा सगळ्यांना एप्रिलच्या त्या एकाच शनिवारी बोलवायची. नोव्हेंबरात निवृत्त झालेल्या टीचर पाच महिन्यांनी, नवी साडी नेसून, पाहुण्यासारख्या फाटकातून आत येत आणि सवयीने सरळ स्टाफरूमकडे वळत.

गणिताच्या टीचर दादरच्या, हिंदू. १९४८ पासून चौतीस वर्षं त्या आमच्या शाळेत होत्या. वर्गात त्या कधी स्वतःबद्दल अक्षर बोलल्या नव्हत्या. आम्हाला त्यांचं सगळं कळलं ते मानपत्रातून. विरारच्या गाडीने रोज येणं-जाणं, सुरुवातीची वर्षं स्टेशनपासून टांगा. पावसात गाड्या बंद पडल्या की सिस्टरांबरोबर कॉन्व्हेंटमध्येच मुक्काम, आणि अशा रात्री त्यांच्यासाठी सिस्टरांच्या स्वयंपाकघरात वेगळं वरण-भात शिजायचं. हे ऐकताना हॉलमध्ये आम्ही सगळ्या गप्प झालो. ज्यांच्या पायांचा आवाज ऐकला की जिना रिकामा व्हायचा, त्या या बाई पावसात अडकून कॉन्व्हेंटमध्ये झोपत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला आम्हाला प्रमेय घालत होत्या!

मग त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पहिली सोळा-सतरा वर्षं शाळेच्या प्रत्येक मिस्साला मी बसले, पण तेव्हा सगळं लॅटिनमध्ये होतं, मला एक शब्द कळायचा नाही. साठच्या दशकात तुमच्या चर्चने आपापल्या भाषेत प्रार्थनेला परवानगी दिली, मराठी मिस्सा सुरू झाला, आणि इतकी वर्षं तुम्ही पोरी देवाकडे काय मागता ते मला समजलं. तेच तर मी घरी माझ्या देवापुढे मागत होते. एवढंच बोलून त्या बसल्या. त्यानंतर मी या कार्यक्रमांत पुष्कळ भाषणं ऐकली, पण इतकं थोडक्यात आणि इतकं मनातलं कोणी बोललेलं आठवत नाही.

दहावी झाल्यावरही मी येत राहिले. माजी विद्यार्थिनींचं मंडळ झालं तेव्हा मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते आजतागायत आहे. त्यासाठी टीचरांच्या घरी जायचं, त्यांना न सांगता त्यांच्या मुलांशी, बहिणींशी बोलायचं. चित्रकलेच्या टीचर बोरूने सुवाच्य अक्षरात ते लिहून काढायच्या, पुढे त्याही निवृत्त झाल्या आणि आमच्यातल्याच एकीने बोरू हातात घेतला. कॉम्प्युटरवर छापलेलं मानपत्र आमच्या शाळेने अजून कोणाला दिलेलं नाही, याचा मला फार अभिमान आहे.

शिवणाच्या टीचर जवळच्याच गावच्या, कुपारी, म्हणजे वसईतल्या ख्रिस्ती समाजातल्या. वर्गात त्यांचं मराठी इतकं स्वच्छ की आम्ही आपापसात कादोडी, ही कुपारींची बोली, बोललो तरी त्या प्रमाण भाषेत उत्तर द्यायच्या. त्यांच्या निरोपाला त्यांची आई आली होती, लाल लुगड्यातली, काठी टेकत. अर्पणात मुलींनी भरतकामाची लाकडी रिंग नेली, तिच्यात पांढऱ्या कापडावर अर्धंच भरलेलं गुलाबाचं फूल, सुई अजून टोचलेली. फूल अर्धंच का, असं कोणी विचारलं नाही. हॉलमध्ये टीचर बोलायला उभ्या राहिल्या, समोर आई दिसली, आणि त्या एकदम कादोडीत बोलू लागल्या. सगळं भाषण कादोडीत. मागच्या बाकांवरच्या आया आणि आज्या, ज्या आजवर शाळेच्या हॉलमध्ये अंग चोरून बसायच्या, ताठ बसल्या, हसल्या, मध्येच दाद देऊ लागल्या. घाटावरच्या टीचरांना निम्मं कळलं नसेल. तरी सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांच्याच होत्या.

पीटीच्या टीचरांसाठी शिट्टी नेली, मराठीच्या टीचरांसाठी लाल शाईने तपासलेल्या निबंधाच्या वह्या. या मराठीच्या टीचर २०२० च्या जानेवारीत ऐंशीच्या घरात होत्या. उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाला आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा टीचरांनी मला फोन करून सांगितलं, आज टीव्हीसमोरून उठणार नाही, कोणाला पाठवू नकोस.

सिस्टरांचं मात्र वेगळं. मुख्याध्यापिका सिस्टरही सरकारी नियमाने अठ्ठावन्नला निवृत्त होतात, पण त्यांचा पगार कधी त्यांचा नव्हता, पेन्शनही सिस्टरांच्या संघालाच जातं, आणि राहायला घर म्हणजे जिथे पाठवतील ते कॉन्व्हेंट. आमच्या सिस्टरांनी शाल घ्यायला नकार दिला. मुलींनी अर्पणात नेला तो शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा, दोन दिवस आधी मावशींकडून मागून घेतलेला. पुढच्याच आठवड्यात एक ट्रंक आणि एक पिशवी घेऊन सिस्टर दुसऱ्या गावी गेल्या.

आणि मावशी! घंटा, पाणी, किल्ल्या, आजारी मुलीला घरी पोहोचवणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांनाही स्टेजवर बसवलं होतं, इतर टीचरांच्याच रांगेत, तशीच खुर्ची. पण त्यांना बसवेना. कोणाचा पाण्याचा ग्लास रिकामा झाला की त्या उठत, कोणी हार काढून टेबलावर ठेवला की तो उचलून नीट लावत. तीनदा सिस्टरांनी हाताला धरून बसवलं. शेवटी गणिताच्या एक निवृत्त टीचर खालून उठून वर गेल्या, मावशींच्या शेजारी बसल्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यांचा हात धरून ठेवला.

खाण्याचं सांगायलाच हवं. बटाटेवडे, केळ्याचे वेफर्स, कोकम सरबत, आणि प्रत्येक टीचरांना घरी न्यायला सुकेळीची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची पुडी, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. गजरे गावातल्याच मोगऱ्याचे. पहाटेच्या गाडीने फुलं दादरला जायच्या आधी त्या दिवशी मोगरा शाळेकडे वळायचा. फुलं देणाऱ्या बायका बहुतेक शाळेच्याच मुली, त्यामुळे पैशाचा विषयच निघत नसे.

२०२० आणि २०२१ चे एप्रिल लॉकडाऊनमध्ये गेले. चर्च बंद, शाळा बंद. त्या दोन वर्षांत पाच टीचर घरच्या घरी निवृत्त झाल्या, मोबाईलच्या पडद्यावर निरोप घेऊन. एकींनी मला सांगितलं, सकाळी उठले, साडी नेसले, आणि कुठे जायचं ते कळेना. २०२२ मध्ये आम्ही सगळ्यांना परत बोलावलं. अर्पणाची रांग चर्चच्या दारापर्यंत लांबली होती. त्यात एका मुलीच्या हातात मोबाईल होता, त्या दोन वर्षांतला वर्ग. फादरांनी तो इतर वस्तूंसारखाच दोन्ही हातांनी घेतला आणि वेदीपाशी ठेवला.

या वर्षी माझी मैत्रीण निवृत्त होते आहे. तीच, कंपासवाली. बी.एस्सी., बी.एड. करून ती १९९१ मध्ये शाळेत परत आली, गणित शिकवायला, त्याच वर्गांत. तिची जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या वहीतली, १४ मे, म्हणून ३१ मे तिचा शेवटचा दिवस. मानपत्र मी लिहिते आहे. तिच्या भावाशी बोलले, सासूबाईंशी बोलले, पस्तीस वर्षांच्या हजेऱ्या मोजल्या. तो लाकडी कंपास प्रयोगशाळेच्या कपाटावर अजून आहे, एक पाय तारेने बांधलेला. परवा शाळेत गेले तेव्हा मुद्दाम पाहिला, त्यावरची धूळ कोणीतरी नुकतीच पुसलेली होती.

नववीच्या मुलींना मी दोनदा विचारलं, काय नेणार? त्या एकमेकींकडे बघतात, हसतात, सांगत नाहीत.