फुलं आलेला फुटवा

"अगं फुलं आलीयेत त्याला, तोडवतं कसं तुला?" गच्चीवर चेरी टोमॅटोचे फुटवे खुडत होते तर आई मागून म्हणाली, आणि हात थांबलाच माझा.

पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघालेला, चांगला वीतभर, टोकाला पिवळ्या कळ्या.

तरी खुडला. सगळे ठेवले की नुसतं जंगल होतं, आत वारा खेळत नाही, करपा रोग लवकर येतो आणि घोसांच्या वजनाने फांद्या मोडतात, म्हणून दोनच खोडं ठेवलीत, सुतळीने सैलसर बांधून. वरची पानं मात्र काढत नाही, उन्हाने फळं भाजतात.

पण आईचं बोलणं डोक्यातून जात नाहीये. जोमाने वाढणारं काहीतरी थांबवायचं, तर क्षणभर तरी हात अडखळायलाच हवा ना?

कळ्या काढून तो फुटवा ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) खोचलाय, टोमॅटो सहज मुळं धरतो. तुम्ही किती खोडं ठेवता?