कमान सहा हजाराची, पंगत एकवीस हजाराची

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे माझं केक-डेकोरेशनचं दुकान आहे. केक, फुगे, फ्लेक्स, चमकीचे पडदे, कोल्ड फायर म्हणजे ते ठिणग्यांचं कारंजं, सगळं करतो. आमच्या इकडे कोणाच्या लेकराचा पहिला वाढदिवस जोरात झाला की गावातले शहाणे लोक पहिले आम्हालाच शिव्या देतात, या फुगेवाल्यायनं गावं बिघडवली म्हणे, पहिले कुठं होते वाढदिवस, औक्षण केलं, लेकरायच्या हातावर गूळ ठेवला, झालं. ऐकून घेतो, धंदा आहे. पण 2025 च्या एप्रिलमध्ये एका ऑर्डरच्या वेळी अख्खा हिशेब माझ्या डोळ्यासमोर झाला, आणि पैसा नेमका कुठं जाते ते मला तेव्हा कळलं.

पोट्टा सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर, पहिलीच मुलगी. दुकानात आला तो मोबाईलवर व्हिडिओ दाखवतच आला, "दादा, सेम टू सेम असंच पाहिजे." आता तो व्हिडिओ कोणत्या तरी शहरातल्या एसी हॉलचा, वर छताला चिकटून फुगे तरंगून राहिले. त्याला समजावलं की भाऊ, ते हेलियमचे फुगे आहेत, त्याचं सिलिंडर आणावं लागते, त्यात तुझा केक आणि फ्रॉक दोन्ही निघतील, आपण पंपानं हवा भरून रिंगवर कमान बांधू, फोटोत काही फरक दिसत नाही. हाव-नाही करत सहा हजारात डेकोरेशन ठरलं, बावीसशेचा दोन मजली केक, आणि दहा बाय आठचा फ्लेक्स, दहा रुपये फूट, म्हणजे आठशे. हा फ्लेक्स दोनदा छापावा लागला. पहिल्यांदा छापला त्यात शुभेच्छुकांमध्ये एका चुलत काकाचा फोटो राहिला, आणि काका म्हणे मग मी येतच नाही. रात्री परत छापला. आठशे रुपयात काका आले.

एप्रिलचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे पारा 44 च्या आसपास. ज्याला वाटते फुगे लावणं म्हणजे पोरखेळ आहे, त्यानं एकदा विदर्भात एप्रिल-मेमध्ये कमान बांधून पाहावी. उन्हाळ्यात आम्ही फुगा पूर्ण फुगवतच नाही, पाऊणच ठेवतो, कारण आतली हवा तापली की पसरते आणि रबर आधीच नरम पडलेलं असते. नागपूरच्या इतवारी बाजारातून माल आणतो तेव्हाच गडद रंग कमी घेतो, काळा-निळा फुगा ऊन जास्त ओढते. पण त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, व्हिडिओतला जांभळाच पाहिजे होता. मंडप टाकला होता अंगणात, तोंड पश्चिमेला, मी म्हणलं कमान भिंतीकडून घेऊ तर मंडपवाल्यानं खांब गाडून टाकले होते. साडेचारला पहिला जांभळा फुटला. मग दुसरा. मग एका मागं एक असे सुरू झाले की बाजूच्या घरचे लोक पाहायला आले कोणाची वरात आली म्हणून. माझा पोऱ्या आणि मी ओली चादर बांधून सावली केली, फुटलेल्या जागी पांढरे घुसवले, जांभळ्या कमानीची अर्धी पांढरी झाली. वहिनीनं पाहिलं, काही बोलली नाही, मग म्हणे, "राहू द्या, हे चांगलं दिसून राह्यलं."

केकचं वेगळंच. थर्माकोलच्या डब्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो आणि मागं पोऱ्या डबा मांडीवर धरून बसतो, गाडी वीसच्या वर न्यायची नाही. केक पोचला ठीक. पण घरच्या फ्रिजमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटल्या कोंबलेल्या, जागा नाही, तर कोणीतरी लय हुशारी करून केक कूलरसमोर नेऊन ठेवला. कूलरची हवा ओली असते हो, क्रीमला घाम फुटते. धावत जाऊन आतल्या खोलीत नेला, बर्फाच्या बाटल्या बाजूनं लावल्या आणि दाराशी एक पोरगं बसवलं. या सगळ्यात उत्सवमूर्ती झोपून गेली होती. साडेआठला बापानं झोपलेल्या लेकीचा हात सुरीवर धरून केक कापला, कोल्ड फायर उडालं, ती दचकून जे रडायला लागली ते आजीच्या खांद्यावरच थांबली.

मग पंगत बसली. मला वाटलं होतं शंभर-सव्वाशे लोक असतील. तीनशे! मी त्या पोट्ट्याला विचारलं एवढे कशाला बोलावले, तर तो म्हणे, "दादा, ज्याच्या घरी जेवलो त्याले सांगाच लागते ना." आणि भावकीला तर चूलबंद आवतन, म्हणजे घरातला एकही माणूस मागं ठेवायचा नाही, त्या दिवशी त्यांची चूलच पेटायची नाही. वहिनीचं म्हणणं होतं की अंगणवाडीतली वीस-पंचवीस लेकरं बोलवू, केक कापू, चिवडा-लाडू देऊ, संपलं. तिचं कोणी ऐकलं नाही, आणि खरं सांगू का, ऐकता येतही नाही, उद्या शेतात निंदणाला बायका लागतात, अडचणीला ट्रॅक्टर लागते, रात्री दवाखान्यात न्यायला गाडी लागते, हे सगळं याच लोकांकडून येते. त्यांना सोडून वीस लेकरांचा वाढदिवस करायचा म्हणजे भाऊ, हिंमत लागते. आचाऱ्यानं वरण-भात, पोळी, आलू-वांगं, भजे आणि बुंदी केली होती. माणशी सत्तर रुपये धरले तरी एकवीस हजार, आणि यात वरणाची तूरडाळ घरची, ती धरलेलीच नाही. घरची तूर हिशेबात कोणीच धरत नाही, जशी काही ती फुकट उगवते.

अकरा वाजता आम्ही कमान उतरवत होतो आणि तिकडे खाटेवर पाकिटं फोडणं सुरू झालं. माझे पैसे त्यातूनच द्यायचे होते म्हणून मलाही बसवलं. आजीनं पेटीतून एक जुनी वही आणली, तेलाचे डाग पडलेली, नवव्या-दहाव्या वर्गातला नातू नाव वाचे, पोट्टा पाकीट फोडे, आणि आजी तोंडपाठ सांगे, "त्याच्या पोरीच्या लग्नात आपण दोनशे देल्ले होते. किती हायेत? दोनशे? बरोबर. फिटले." वाचता न येणारी बाई, पण वही फक्त खात्रीला होती, हिशेब सगळा डोक्यात. एकूण निघाले 16,400. पोट्टा खूश झाला, म्हणे बरंच वसूल झालं. तर आजीनं त्याला तिथंच अडवलं. नऊ हजार तर आपलेच होते, म्हणे, आपण लोकायच्या घरी टाकलेले वापस आले. आणि वरचे सात हजार चारशे? "ते उधारी व्हय बाप्पा. आता त्याईच्या घरी वाढदिवस, वास्तू, लग्न निघन, तवा टाका लागन."

मग त्यानं मोबाईलवर सगळी बेरीज केली, मी बाजूलाच होतो. जेवण एकवीस, मंडप-खुर्च्या साडेचार, साऊंड तीन, फोटो-व्हिडिओ चार, कपडे सात (लेकीचा फ्रॉक सातशेचाच, बाकी आत्याची साडी आणि मामाचा ड्रेस), लेकरांना कंपास पेट्या दीड हजाराच्या, आणि माझे केक, कमान, दोन फ्लेक्स मिळून 9,800. पन्नास हजार आठशे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 होता, पण यानं घरूनच व्यापाऱ्याला सात हजारानं दिला होता. म्हणजे सात क्विंटलच्या वर कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल आला तर चांगला म्हणतात, आणि त्यातूनच बियाणं, खत, फवारणी, वेचाई जाते. तो काही बोलला नाही, फोन खिशात टाकला. त्याचा बाप बाजूला तंबाखू मळत बसला होता, तो म्हणे, "फुग्यावाल्यानंच खाल्ले पैसे." मी हसलो. काय बोलणार, हातात झाडू आणि समोर फुटलेल्या फुग्यांचा ढीग. पण आजी म्हणे, "काहून बा, लोकायनं जेवले ते दिसलं नाही का तुले?"

मला 8,300 दिले, पन्नास-शंभराच्या नोटा आणि पाकिटांवर चिकटवलेली एक-एक रुपयाची नाणी सुद्धा. पंधराशे बाकी, कापूस निघाल्यावर देतो म्हणे.

तेव्हापासून मी एक करतो. कोणी ऑर्डर द्यायला आलं आणि कमानीचे पाचशे कमी करा म्हणून अर्धा तास घासाघीस करायला लागलं की पहिले विचारतो, जेवायला किती लोक? दोनशेच्या वर सांगितले तर म्हणतो, भाऊ, कमानीत पाचशे वाचवण्यापेक्षा दहा घरं कमी सांगा, तिथंच तीन-साडेतीन हजार वाचतात. आतापर्यंत कोणी एक घरही कमी केलं नाही. कमानच छोटी करतात.

डिसेंबरमध्ये दिग्रसकडच्या एका गावात वाढदिवसाचं काम होतं, तर हा पोट्टा तिथं पाहुणा. माझे पंधराशे त्यानं तिथंच फोनवरून टाकले, आणि मग कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "दादा, एखादं पाकीट हाये का तुमच्याजवळ? घरून आणाचं राहून गेलं." मी बॅगेतून काढून दिलं. त्यानं मोबाईल उघडला, आजीच्या वहीच्या पानाचा फोटो होता त्यात, बोटानं मोठा करून नाव शोधलं. पाचशे होते. पाचशेची नोट टाकली, मी म्हणलं अरे वर एक रुपया टाक ना, शुभ असते. तर म्हणे, "नाही दादा, पाकिटावर चिकटवलेला असला तर चालते, आतून नाही टाकाचा. आजीनं सांगतलं, पाचशे आले तर पाचशेच, आपण एक वाढवला का त्याले पुढच्या खेपी साडेपाचशे टाका लागते, मंग आपल्याले सहाशे."